भोकरमाळची विहीर

मिरजेला लग्न होतं. दुसरी पंगत बसली होती. हेरंब गुळवणीच्या पानात नुकतीच जिलबी पडली होती आणि समोरच्या रांगेत त्याची नऊ वर्षांची लेक रेणू मठ्ठ्याच्या वाटीशी झटापट करत होती. तिच्या शेजारी नवऱ्या मुलाचे आजोबा बसले होते. त्या वयाची माणसं लहान पोरांना दोनच प्रश्न विचारतात. कितवीत आहेस, हा पहिला. त्याचं उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करून त्यांनी दुसरा विचारला.

“आणि गाव कुठलं गं तुमचं?”

हेरंबनं मान खाली घातली. या एका प्रश्नानं त्याला जन्मभर छळलं होतं. वडील पाटबंधारे खात्यात, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे लहानपण सगळं सरकारी वसाहतींत गेलेलं. मे महिना लागला की वर्गातली झाडून सारी पोरं ‘गावाला’ जायची आणि येताना आंबे, खरचटलेले गुडघे आणि भुताच्या गोष्टी घेऊन यायची. हा आपला वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखाली एकटाच. मूळ गाव म्हणावं तर पणजोबा कुठूनसे आले, कुठून ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्याकडं माणसाला गाव नसलं की लोक असं बघतात, जणू बिचाऱ्याला एखादा अवयवच कमी आहे. आता रेणू ‘पुणे’ म्हणणार आणि आजोबा ‘ते झालं, पण मूळ गाव?’ म्हणणार, हे त्याला दिसतच होतं.

“भोकरमाळ,” रेणू म्हणाली.

“कुठं आलं हे?”

“दाभेघाट चढून गेलं की डावीकडं. सातच घरं आहेत. भोकराच्या झाडाखाली पार आहे, पण तिथं वाकून जायचं, नाहीतर फांदी कपाळाला लागते. आणि विहिरीला कठडा नाही, म्हणून जरा सांभाळून.”

“अरे वा!” आजोबा हेरंबकडं वळून म्हणाले. “हल्लीच्या पोरांना गावाची एवढी ओढ! नशीबवान आहात हो.”

हेरंबच्या घशात जिलबी अडकली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, शलाकानं, पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा ती खाली उतरली. कारण भोकरमाळ नावाचं गावच नव्हतं. दाभेघाट होता, डावीकडं माळही होता, पण त्या माळावर कधी एक झोपडीसुद्धा उभी राहिलेली नव्हती. आणि हे हेरंबइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ते गाव त्यानंच काढलं होतं.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस लबाड होता. तसा तो नव्हता. हेरंब नकाशे काढायचा. तरुणपणी एका छापखान्यात सोवनीकाका नावाच्या जुन्या नकाशाकाराच्या हाताखाली तो शिकला. सोवनीकाका म्हणायचे, “नकाशा म्हणजे उघडं शेत आहे रे. कुंपण घालता येत नाही. कुणीही यावं, उचलावं आणि आपल्या नावानं छापावं. मग आपण काय करायचं? एक बुजगावणं उभं करायचं.” म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा जागी एक खोटं गाव टाकायचं. दुसऱ्याच्या नकाशात ते सापडलं की चोर मुद्देमालासकट हाती लागला. काका त्याला ‘आडगाव’ म्हणत. त्यांच्या प्रत्येक नकाशात एक आडगाव असायचं आणि ते कुठं आहे हे फक्त त्यांनाच माहीत असायचं.

पुढं छापखाना बंद पडला आणि हेरंब ‘दिशा खेळघर’ या कंपनीत आला. तिथं ‘पायवाट’ नावाचा खेळ तयार होत होता. मुलांना भूगोल शिकवणारा पट. दिसायला चौरंगाएवढा, पण आत हजारो बारीक खुंट्या. कळ दाबली की त्या खालीवर व्हायच्या आणि डोळ्यांदेखत सह्याद्री उभा राहायचा, गोदावरीचं पात्र खोल जायचं. पोरांनी कपाळाला एक मऊ पट्टी बांधायची, दान टाकायचं आणि आपली सोंगटी गावोगाव न्यायची. कापूस कुठून उचलायचा, मीठ कुठं पोचवायचं, कुठला घाट लागतो, सगळं त्यात.

खरी करामत त्या पट्टीत होती. ती डॉ. निलोफर मुजावर यांची. कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेरंबला समजावलं होतं.

“तुम्ही सकाळी डोळे चोळत उठता आणि न बघता न्हाणीघरापर्यंत जाता. कसे जाता? मेंदूत खोलवर एक वाकडा तुकडा आहे, हिप्पोकॅम्पस. त्यातल्या काही पेशी एकेका जागेला बांधलेल्या असतात. दाराशी आलात की एक पेशी उठते, कपाटापाशी दुसरी. आम्ही त्यांना स्थानपेशी म्हणतो. चालताना त्या एका ठरावीक तालात उठतात. ही पट्टी बाहेरून तोच ताल देते. सोंगटी पटावर चालते आणि मेंदूला वाटतं, आपले पाय चालले.”

“म्हणजे पाठांतरच नको?”

“पाठांतर कसलं? तुम्ही तुमचं घर पाठ केलंय का? मात्र बारा वर्षांच्या आतच हे जमतं. मोठ्यांनी पट्टी बांधली तर डोकं दुखतं, बाकी काही नाही.”

एक अडचण होती. नुसत्या ठिपक्यावर स्थानपेशी बसत नाही. तिला वळण लागतं, चढ लागतो, भिंतीचा कोपरा लागतो. म्हणून प्रत्येक गावाच्या गल्ल्या, पार, पाणवठे पटात भरावे लागत. चाळीस हजारांवर गावं. ते काम यंत्र करायचं, मोजणीच्या नकाशांवरून, भराभर आणि कोरडेपणानं. हेरंबनं फक्त तपासायचं.

आडगाव मात्र यंत्र कुठून भरणार? ते हातानंच भरायला हवं होतं. एका रविवारी दुपारी हेरंब त्याला बसला. दाभेघाटाजवळच्या ओसाड माळाचे खरे चढउतार घेतले आणि त्यावर गाव मांडायला लागला. दहा मिनिटांचं काम. पण त्याचा हातच थांबेना. सात घरं, शेणानं सारवलेल्या ओसऱ्या, भोकराचं झाड, त्याची आडवी फांदी, बिनकठड्याची विहीर, पारावर झोपलेली तांबडी कुत्री. मे महिन्यात टाकीखाली बसून त्यानं जे जे मनात आणलं होतं ते सगळं त्यानं त्या दुपारी उतरवलं. शलाकानं चहासाठी तीनदा हाक मारली. चहा निवून गेला तेव्हा हेरंबला गाव मिळालं होतं.

आडगावानं आपलं काम चोख केलं. वर्षाच्या आत कुणा भामट्यानं पायवाटेची प्रत बाजारात आणली आणि तिच्यात भोकरमाळ जशीच्या तशी सापडली. भामट्याला गाशा गुंडाळावा लागला. कंपनीच्या साहेबांनी हेरंबला पेढे भरवले आणि सगळ्यांपुढं पाठ थोपटली.

मग मिरजेचं लग्न झालं.

“खेळ आहे रे,” परतीच्या वाटेवर शलाका म्हणाली. “भातुकलीतलं गाव. विसरेल.”

“तिनं पुणे का नाही सांगितलं?”

“तिला तुझ्यासारखं ओशाळायचं नसेल!” ती हसली. हेरंबला हसू आलं नाही.

घरी आल्यावर त्यानं रेणूला समोर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. ते गाव बाबानं बनवलं, ते खोटं आहे, चोर पकडायला ठेवलेलं. रेणूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाप काहीतरी वेड्यासारखं बोलतोय म्हणून त्याच्यावर दया करावी तसं तिचं तोंड झालं होतं.

“बाबा, तू तिथं गेलायस कधी?”

“नाही, पण—”

“मग ते तिथं नाहीये हे तुला कसं माहीत?”

हेरंबनं दिवा मालवला आणि तिला झोपायला पाठवलं.

पंधरवड्यात कंपनीत पालकांचे फोन सुरू झाले. जालन्याहून एक आई बोलली, मुलगा म्हणतो सुट्टीत भोकरमाळला जाऊ, हे कुठल्या जिल्ह्यात येतं? चिपळूणच्या एका बापानं विचारलं, आमची मुलगी शाळेच्या निबंधात ‘माझे गाव’ म्हणून हे काय लिहून आली? फोन वाढतच गेले. सगळ्यांच्या तोंडी तीच फांदी, तीच विहीर.

हेरंब मुजावरबाईंच्या खोलीत गेला आणि दार लावून घेऊन त्यानं कबुली दिली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खेळाचे नियम पुढ्यात ओढले आणि बराच वेळ वाचत बसल्या.

“हे बघा. ‘पूर आला, वाट बंद’ हे पत्त्याचं पान निघालं की सोंगटीनं विसाव्याला जायचं आणि दोन डाव थांबायचं. विसाव्याची जागा कोण ठरवतं?”

“यंत्र. ज्या गावात कुणी जात नाही, मोकळं असतं, असं...” ज्या गावात कुणी जात नाही असं गाव त्यानंच तर घालून ठेवलं होतं.

“झालं तर मग. चालताना पेशी नुसती नोंद घेतात. माणूस निवांत बसला की त्या चाललेली वाट पुन्हा पुन्हा गिरवतात, तेव्हा ती पक्की होते. बाकीच्या गावांतून पोरं नुसती गेली. तुमच्या गावात ती दोन दोन डाव बसून राहिली, डोक्याला पट्टी बांधून. वर त्यात एवढं सगळं भरलेलं.” बाईंनी चष्मा काढला. “पट किती विकले गेलेत?”

“चौऱ्याऐंशी हजार.”

“अल्ला!” बाई म्हणाल्या.

“पुसता येईल?”

“पटावरून येईल. डोक्यातून कसं पुसणार? तुमच्या घराचा जिना मी तुमच्या डोक्यातून पुसू शकते का?”

साहेबांना इतक्या खोलात जायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, काढून टाका, पोरं विसरतील. पुढच्या रविवारी सकाळी हेरंबनं स्वतःच्या हातानं भोकरमाळ पुसली. खुंट्या तशाच राहिल्या, माळाचा चढउतार तसाच राहिला. फक्त घरं, झाड, पार, विहीर गेली. सगळे पट कंपनीतल्या यंत्राशी जोडलेले, त्यामुळे सगळीकडच्या पटांवरून एकदमच गेली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, त्यातली गत झाली.

कारण त्याच सकाळी दहा वाजता रेणू आतल्या खोलीतून किंचाळत बाहेर आली.

“बाबा! गाव गेलं!”

पट्टी तिच्या हातात लोंबत होती. शलाकानं तिला जवळ घेतलं तर ती तिचे हात झिडकारून हेरंबकडं आली.

“कुणी पाडलं? लोक कुठं गेले? आणि बाबा, ती कुत्री? तिला पिल्लं व्हायची होती!”

कुत्री त्यानं झोपलेली काढली होती, नुसती झोपलेली. पिल्लांचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून रेणूची जेवणावरची वासनाच उडाली. शाळेत जायची, यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. आपल्या घरात ती पाहुण्यासारखी वावरायला लागली. पाणी हवं असलं तर विचारून घ्यायची. एकदा शलाकानं तिला पोटाशी धरून विचारलं, “काय होतंय, सोन्या?” तर ती म्हणाली, “आई, आपण घरी कधी जायचं?” शलाका स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं माझी आजी म्हणायची,” ती बाहेर येऊन हेरंबला म्हणाली. “इथं आडच नाही, आणि पोहरा भरून वर येतोय! हेरंब, तू केलंस ना हे? मग कर की काहीतरी!”

त्यानं काय नाही केलं! भोकरमाळ पुन्हा पटावर आणली. रेणूनं एकवार बघितलं आणि म्हणाली, “हे नवीन बांधलंय. आपलं नाहीये.” त्यानं आपले जुने कागद, पहिली रेखाटनं, तारखा, सगळं तिच्यापुढं मांडलं. ती म्हणाली, “म्हणजे तुला ठाऊक होतं आणि तू कधी नेलं नाहीस मला.” त्यानं चोरून स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधून बघितली. दोन दिवस डोकं ठणकलं. ज्या गावासाठी पोरगी झुरत होती ते काढणाऱ्यालाच त्यात पाऊल टाकता येत नव्हतं.

शेवटी मुजावरबाईंनीच एक उपाय सुचवला.

“तिला तिथं घेऊन जा. खऱ्या पावलांची नोंद पट्टीच्या नोंदीपेक्षा भारी असते. मोकळा माळ पायांखाली आला तर पेशी कदाचित नव्यानं मांडणी करतील. खात्री देत नाही हं मी.”

बुडत्याला काडीचा आधार. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी तिघं निघाले. दाभेघाट चढताना रेणू खिडकीला नाक लावून बसली होती. पुढच्या वळणावर काय येणार ते ती आधीच सांगत होती आणि ते येत होतं, कारण घाट खराच होता. शेवटच्या वळणानंतर तिनं खिडकीची काच खाली केली.

माळाच्या पायथ्याशी आधीच दहा-अकरा गाड्या लागल्या होत्या. जालन्याच्या होत्या, चिपळूणच्या होत्या, एक थेट गोंदियाहून आलेली. गाड्यांशेजारी आयाबाप उभे होते, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. हेरंब उतरला तसा एक गृहस्थ पुढं आला.

“तुम्हालाही मुजावरबाईंनीच सांगितलं का? मोकळी जागा दाखवा म्हणून?”

हेरंबनं मान डोलावली. आपण कोण ते सांगायचा त्याला धीर झाला नाही.

माळ उघडा बोडका होता. वाळलेलं गवत, काळे धोंडे, वर ऊन. रेणू चार पावलं चढली आणि थबकली. हेरंब मागं उभा. बघ, नीट बघ पोरी, तो मनातल्या मनात म्हणत होता, काही नाहीये इथं. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पायाखालचा चढ तिनं चाचपून बघितला, डावीकडं वळून आणखी थोडा बघितला. आणि मग तिनं वळून बापाकडं पाहिलं. तिच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू आलं होतं.

“आहे बाबा! सगळं आहे!”

“रेणू, नीट बघ बाळा. घरं दिसतायत का तुला?”

“दिसत नाहीयेत. पण आहेत ना!”

माळाचे चढउतार हेरंबनं खरे घेतले होते. एवढीच एक गोष्ट त्या गावात खरी होती आणि पोरांच्या पायांनी नेमकी तीच ओळखली. खऱ्या पावलांची नोंद भारी असते, बाई बरोबरच बोलल्या होत्या. आता ते गाव जन्मभर पुसलं जाणार नव्हतं.

रेणू पळाली. वर आणखी पंधरा-वीस पोरं होती. एकमेकांना कधी न पाहिलेली, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली. ती रिकाम्या माळावर चालत होती, पण मन मानेल तशी नाही. सगळी एकाच रेषेत येत होती, एकाच जागी काटकोनात वळत होती, जिथं काही नव्हतं तिथं वळसा घालत होती. एका ठिकाणी प्रत्येक पोर खाली वाकायचं, दोन पावलं वाकून जायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. हेरंबला ती जागा ठाऊक होती. भोकराची फांदी त्यानं जमिनीपासून चार फुटांवर काढली होती, कारण त्यापेक्षा उंच मुलांना वाकावं लागलेलं त्याला हवं होतं.

खाली आयाबाप नुसते बघत राहिले. कुणीतरी बाई हुंदका देत होती. शलाका हेरंबचा दंड घट्ट धरून उभी होती.

“जा ना, आण तिला,” ती म्हणाली. “जा की!”

हेरंब चढायला लागला. कुठून चढायचं? जन्मभर ज्या गावाची आस धरली त्याच्या वेशीवर तो उभा होता आणि त्याला तिथं नुसतं गवत दिसत होतं. तो सरळ माळावरून चालत गेला. दोन-तीन पोरांनी दचकून त्याच्याकडं बघितलं. कुणा परक्या माणसानं न विचारता घरात शिरावं तसं ते बघणं होतं. एक मुलगी तर “काका, चपला!” असं ओरडलीच. त्यानं चपला काढून हातात घेतल्या. तापलेले खडे पायांना टोचायला लागले.

“रेणू! चल बाळा, घरी जाऊ!”

रेणू पाच-सात पावलांवर, वाकून, फांदीखालून बाहेर येत होती. तिनं मान वर केली आणि तिचे डोळे विस्फारले.

“बाबा, थांब! विहिरीत आहेस तू!”

हेरंबनं खाली बघितलं. गवत होतं. त्यानं उजवीकडं एक पाऊल टाकलं.

“तिकडं नको! आणखी आत चाललास!”

तो मागं सरला. सगळी पोरं एकदम ओरडली. तेव्हा मात्र तो जिथं होता तिथंच थांबला, दोन्ही हातांत चपला, डोक्यावर ऊन. विहीर किती रुंद काढली होती ते त्याला आठवेना. तीस फूट होती का चाळीस? ती कुठून उतरायची, पायऱ्या कुठल्या अंगाला होत्या, काही म्हणजे काही आठवेना.

“रेणू,” तो म्हणाला. “कुठून बाहेर येऊ गं?”

पलीकडं पारावर कुणीतरी पिल्लं सापडल्याची हाक दिली. पोरं तिकडं धावली. रेणूचाही पाय वळला. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा पाराकडं.

“हलू नकोस हं बाबा,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “मी आले की काढते तुला.”

आणि विहिरीला वळसा घालून ती पळाली. हेरंब हलला नाही.